बंदुकीचा दगा आणि कारागिराची हमी

'फुसका बार' हा शब्द आपण मराठी माणसे दिवसातून एकदा तरी वापरतो. पुढाऱ्याचे आश्वासन फुसका बार ठरते, परीक्षेआधी उठलेली अफवा फुसका बार ठरते, पाटलाच्या पोराची कुस्तीसुद्धा फुसका बार ठरते. पण हा शब्द प्रथम ज्याच्या तोंडून निघाला असेल, त्याला तो थट्टेने सुचलेला नव्हता. त्याच्या हातात बंदूक होती, समोर शत्रू होता किंवा शेतात शिरलेले रानडुक्कर होते, आणि चाप ओढल्यावर नुसता 'फुस्स' आवाज आला होता. त्या एका क्षणात त्याचे काय झाले असेल ते सांगायला नको.

बंदुकीच्या इतिहासात आपण नेहमी उडालेल्या बारांविषयी वाचतो. लढाया, वेढे, विजय ही सगळी उडालेल्या बारांची कथा. आज मला न उडालेल्या बाराविषयी बोलायचे आहे. बंदूक दगा का देते? ती दुरुस्त कोणी करायची? आणि ही बंदूक दगा देणार नाही अशी हमी कोणी घ्यायची? हे तीन प्रश्न ठाणे-कल्याणच्या मुलखात निदान तीनशे वर्षे विचारले जात आहेत, आणि त्यांची उत्तरे आजही शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याच्या कामाची आहेत.

प्रथम मुलूख पाहू. ठाणे, कल्याण, भिवंडी हा सगळा खाडीकाठचा प्रदेश. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली, तेव्हापासून हा भाग शस्त्रांच्या आवाजाशी परिचित आहे. कल्याणचा दुर्गाडी किल्ला त्या काळाची आठवण देत खाडीवर उभा आहे. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला होता. त्याचे काम पुरे होण्याआधीच १७३७ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाणे जिंकले. चिमाजी अप्पांची ती मोहीम दोन पावसाळे ओलांडून १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली तेव्हा संपली. पुढे १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. आज ज्या भिंतींच्या आत ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे, त्या त्याच किल्ल्याच्या भिंती.

आता या मुलखाचा पाऊस आठवा. चार महिन्यांत नव्वद-शंभर इंच पाणी पडते. भिंतींना पोपडे येतात, पापड मऊ पडतात, काडेपेटीची काडी ओढली तर गुल नुसता खरवडून निघतो. ज्या हवेत काडेपेटी पेटत नाही त्या हवेत बंदूक कशी पेटावी? कोकणात बंदुकीचा पहिला वैरी समोरचा सैनिक नव्हे, तर दमट हवा. तिच्याशी झालेली झुंज हाच बंदुकीच्या दुरुस्तीचा खरा इतिहास आहे.

त्या काळची बंदूक कशी चालत असे ते थोडक्यात सांगतो. एक लोखंडी नळी, मागून बंद, पुढून उघडी. पुढून दारू ओतायची, मग गोळी किंवा छर्रे घालायचे आणि गजाने ठासायचे. नळीच्या मागच्या टोकाला बाजूने एक बारीक भोक असे, त्याला काना म्हणत. कान्याजवळच्या लहानशा वाटीत बारीक दारू ठेवत, ती रंजक. आणि एक जळती, धुमसती सुताची वात असे, ती जामगी. चाप ओढला की जामगी रंजकेवर टेकायची, रंजक भडकायची, तिची ठिणगी कान्यातून आत जायची आणि मग बार उडायचा.

मोजून पाहिले तर यात चुकायच्या जागा किती! जामगी भिजली तर खेळ संपला. रंजक वाऱ्याने उडाली तरी तेच. कान्यात जुन्या दारूची काजळी बसली असेल तर रंजक नुसती भडकते आणि बार आतच राहतो. आतली दारू सर्दावली असेल तर ती उशिरा पेटते, आणि हा उशिराचा बार सर्वांत वाईट. माणूस समजतो की बार गेला नाही, म्हणून नळीत डोकावायला जातो किंवा बंदूक खाली करतो, आणि तेवढ्यात ती उडते. दारू सर्दावते त्याचेही कारण आहे. दारूत सोरा, गंधक आणि कोळसा असतो. सोरा नीट शुद्ध केलेला नसला तर त्यात मीठ राहते, आणि मीठ हवेतले पाणी ओढून घेते. आपल्या स्वयंपाकघरातले मीठ श्रावणात ओले होते, अगदी तसेच.

यावर आपल्या लोकांनी काय उपाय केला? त्याचे उत्तर रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त सापडते. हा ग्रंथ १७१५ च्या सुमाराचा. राजनीतीचा ग्रंथ म्हणून आपण शाळेत त्याचे नाव शिकवतो. परंतु त्यातले दुर्गांचे प्रकरण वाचताना असे वाटते, की कोणी अनुभवी कोठीवाला आपल्याला कामाच्या गोष्टी सांगत आहे. दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा. खाली तळघर करून ते गच्चीबंद करावे. आत माच घालून त्यावर दारू ठेवावी, म्हणजे ती सर्दावणार नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः यावे, दारू आणि बाण बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावे. पावसाळ्यापूर्वी तोफांना तेल-मेण द्यावे, कान्यांत मेण भरावे, वर आच्छादन घालावे, अशी ही शिकवण आहे.

यातला 'हवालदार' हा शब्द आणि 'मुद्रा' हा शब्द मी मुद्दाम पुढे ठेवतो. दारू वाळवा असे सांगून अमात्य थांबत नाहीत. कोणी वाळवायची आणि वाळवल्यावर कोणाची मुद्रा लागायची तेही ते ठरवून देतात. म्हणजे पुढे वेढ्याच्या दिवशी तोफ उडाली नाही, तर 'पाऊस फार होता' असे म्हणून कोणाला सुटता येणार नव्हते. मुद्रा कोणाची होती ते विचारले जाणार होते. हमी या शब्दाचा खरा अर्थ हाच. वस्तू कधीच बिघडणार नाही असे वचन कोणीही देऊ शकत नाही. बिघडली तर उत्तर कोण देईल, एवढे मात्र आधी सांगून ठेवता येते.

आता थोडे बाहेरच्या जगाकडे वळू, कारण पुढची सुधारणा तिकडून आली. जामगीच्या जागी चकमक आली. गारगोटीचा तुकडा पोलादावर घासून ठिणगी पाडायची, म्हणजे जळती वात हातात बाळगायला नको. या चकमकीच्या बंदुका घेऊनच ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणी हिंदुस्थानभर लढल्या. पण रंजक पूर्वीसारखी उघडीच राहिली आणि पाऊस पूर्वीसारखाच पडत राहिला.

मौज अशी, की हा दोष घालवला तो कोणा सेनापतीने नव्हे, तर एका धर्मोपदेशकाने. स्कॉटलंडमधला अलेक्झांडर फोर्सिथ हा पाद्री पाखरांच्या शिकारीचा शौकीन होता. रंजक भडकली की तिचा उजेड पाहून पाखरे उडून जात आणि बार मागाहून निघे. ही खोड घालवण्यासाठी त्याने नुसत्या ठोक्याने पेटणारे मिश्रण वापरले आणि १८०७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे तांब्याची छोटी टोपी निघाली. टोपी बसवायची, घोडा तिच्यावर आदळायचा, आणि ठिणगी सरळ आत जायची. उघडी रंजकच नको.

या टोपीने किती फरक पडला? इंग्लंडमध्ये वुलिच येथे १८३४ मध्ये दोन्ही प्रकारच्या बंदुकांची परीक्षा झाली. प्रत्येक प्रकारचे ६,००० बार काढले. चकमकीच्या बंदुकीचे ९२२ बार फुसके गेले, टोपीच्या बंदुकीचे फक्त ३६. शिक्षकांनी हे गणित वर्गात जरूर घालावे. शंभरात पंधराहून अधिक फुसके आणि शंभरात एकाहूनही कमी, एवढे हे अंतर आहे. पहिल्या बंदुकीवर शिपायाने जिवाचा भरवसा कसा ठेवायचा?

आणि तो भरवसा न ठेवता येणे म्हणजे काय, हे आपल्याच देशाच्या शिपायांनी परमुलखात अनुभवले. अफूच्या युद्धात, १८४१ च्या मे महिन्याच्या अखेरीस, चीनमध्ये कँटन शहराजवळ मद्रासच्या ३७ व्या पलटणीची एक तुकडी मुसळधार पावसात मुख्य सैन्यापासून तुटली. त्यांच्या बंदुका चकमकीच्या होत्या आणि त्या उडेनात. गावकऱ्यांचा मोठा जमाव भोवती जमला. शिपायांनी संगिनींच्या आधाराने तग धरला. अखेर त्यांना सोडवून आणले ते टोपीच्या बंदुका असलेल्या सैनिकांनी. वुलिचची परीक्षा होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. चांगली बंदूक जगात तयार होती, पण ती या शिपायांच्या हातात पोचलेली नव्हती.

हीच टोपीची, पुढून ठासायची बंदूक आपल्या खेड्यांत 'ठासणीची बंदूक' म्हणून ओळखली जाते. पिकाच्या राखणीसाठी ती फार दिवस चालत आली. तिची घडण साधी, पण तिचा एक दोष जुना आणि घातक. बार भरला आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६३ मध्ये गेटिसबर्गची लढाई झाली. नंतर रणभूमीवरून २७ हजारांहून अधिक बंदुका गोळा केल्या. त्यांतल्या सुमारे २४ हजार भरलेल्याच होत्या, अशी त्या वेळची नोंद आहे. सुमारे निम्म्यांत एकावर एक दोन बार होते, आणि सहा हजारांत तीनपासून दहापर्यंत! त्या गलबल्यात टोपी फुटल्याचा आवाज कोणाला ऐकू येणार? शिपायाला वाटायचे बार गेला, म्हणून तो दुसरा ठासायचा. शिकवून तयार केलेल्या शिपायांची ही गत, मग मध्यरात्री माचावर झोपमोड झालेल्या शेतकऱ्याला नावे का ठेवावी? म्हणून जुने शिकारी गजावर खूण करून ठेवतात. रिकाम्या नळीत गज कुठवर जातो त्याची एक खूण, एक बार भरला की कुठवर जातो त्याची दुसरी. कितीही घाई असली तरी आधी गज घालून पाहायचा. या खुणेला पैसा पडत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर काडतुसाची बंदूक आली. ती पाठीमागून उघडते. दारू, छर्रे आणि टोपी हे सगळे एका नळकांड्यात बांधलेले असते. आज आपण ज्याला बारा बोअरची बंदूक म्हणतो ती हीच, एकनळी किंवा दुनळी. या 'बारा'चा अर्थ पुष्कळांना ठाऊक नसतो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी. वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक लहान होणार, म्हणून वीस बोअरची नळी बाराहून अरुंद. आकडा मोठा, नळी लहान.

हा हिशोब नीट समजला नाही तर केवढा अनर्थ होतो ते पहा. वीस बोअरचे काडतूस चुकून बाराच्या बंदुकीत घातले तर ते मागे अडत नाही. पुढे सरकून नळीच्या चिंचोळ्या भागाशी अडकते. मागून पाहिले तर खाना रिकामा दिसतो. माणूस समजतो काडतूस घालायचे राहिले, आणि बाराचे खरे काडतूस घालतो. चाप ओढला की मागचा बार पुढच्या अडकलेल्या काडतुसावर आदळतो आणि नळी फाटते. नळी फाटते तिथे बहुधा दुसरा हात असतो. म्हणूनच पुष्कळ कारखाने वीस बोअरचे काडतूस पिवळ्या रंगाचे करतात. तरी घरात दोन मापांची काडतुसे एकाच डब्यात ठेवू नयेत, हे उत्तम.

दुसरा धोका लांबीचा. जुन्या बंदुकांचे खाने ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी केलेले असत, आजची काडतुसे बहुधा ७० मिलिमीटरची असतात. न उडवलेले लांब काडतूस दुमडलेल्या तोंडामुळे जुन्या खान्यात आरामात बसते. पण उडताना त्याचे तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि आतला दाब वाढतो. तिसरा धोका आजोबांच्या बंदुकीचा. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून केलेल्या, वेलबुट्टीसारखी नक्षी दिसणाऱ्या जुन्या नळ्या काळ्या दारूसाठी होत्या. त्यांत आजचे बिनधुराचे काडतूस घालणे म्हणजे बैलगाडीच्या चाकावर ट्रकचे ओझे ठेवणे. ती बंदूक भिंतीवर शोभते, तिथेच राहू द्यावी.

आणि आपली जुनी सखी, दमट हवा, इथेही पाठ सोडत नाही. कागदी काडतूस सर्दावले की फुगते आणि खान्यात शिरत नाही. मग कोणी ते जोराने दाबतो, कोणी चाकूने तासतो. दोन्ही गोष्टी जिवावरच्या. फुगलेले काडतूस फुकट गेले असे समजून विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे विचारून त्याची विल्हेवाट लावावी. काळ्या दारूची काजळी पाणी ओढून घेते आणि नळीला आतून गंज चढवते. पूर्वीच्या टोप्यांमधला क्षारही तेच करी. म्हणून जुने लोक बार काढल्यावर त्याच दिवशी नळी कढत पाण्याने धूत, कोरडी करीत आणि तेलाचा हात फिरवीत. अमात्यांचे तेल-मेण आणि हे तेल यांत अंतर दोनशे वर्षांचे, पण विद्या एकच.

बार गेला नाही तर काय करावे, तेही सांगून टाकतो. बंदूक खांद्यावरून उतरवू नये, उघडू नये. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धे मिनिट थांबावे. ठासणीची असेल तर त्याहून जास्त थांबावे. मग काडतूस काढून बाजूला ठेवावे. त्याच्या टोपीवर खीळ नीट उमटली असेल तर दोष काडतुसाचा. हलकीशी उमटली असेल तर कमान मऊ झाली किंवा खीळ झिजली. मुळीच उमटली नसेल तर खीळ तुटली किंवा कळ अडकली. एवढे निदान घरच्या घरी होते. औषध मात्र घरी करायचे नाही. ते का, ते आता पाहू.

बंदूक घेताना तिच्या मजबुतीविषयी विश्वास कोणावर ठेवायचा, हा प्रश्न युरोपातही होता. बाजारात वाईट नळ्या येत, त्या फुटत आणि गिऱ्हाईक मरे. म्हणून लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली, आणि बर्मिंगहॅम येथे १८१३ मध्ये कायद्याने परीक्षागृह उभे राहिले. तिथे प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढीत. नळी टिकली तर तिच्यावर छाप मारीत. आपल्याकडे पोतदार नाणे पारखून घेई, त्याच जातीचे हे काम. मात्र त्या छापाचा अर्थ नीट समजून घ्यावा. ज्या दिवशी छाप मारला त्या दिवशी, त्या स्थितीत, त्या प्रकारच्या दारूसाठी नळी पुरेशी मजबूत होती, एवढेच तो सांगतो. पुढे नळी गंजली, ठेचली, आतून खरवडली किंवा खाना वाढवला तर छाप तसाच राहतो, पण त्यामागची हमी संपलेली असते.

हिंदुस्थानात १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने बंदूक परवान्याखाली आली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा झाला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या पाचव्या कलमात बनवणे आणि विकणे यांच्या जोडीला दुरुस्ती आणि चाचणी हे शब्दही घातले आहेत. म्हणजे बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे त्या कामाचा परवाना हवा. सहाव्या कलमाप्रमाणे परवान्याशिवाय नळी आखूड करणे हा गुन्हा आहे. आठव्या कलमाप्रमाणे बंदुकीवरचे नाव, क्रमांक किंवा खूण खोडणे हाही गुन्हा आहे. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा, आणि स्वसंरक्षणासाठी निदान वीस इंच नळीच्या साध्या बंदुकीचा विचार तेराव्या कलमात स्वतंत्रपणे केला आहे. नियम पुढे २०१६ मध्ये नव्याने झाले, परंतु कायद्याचा हा गाभा तोच आहे.

आता शेतकरी म्हणेल, "गुरुजी, गावातला लोहार नांगराचा फाळ करतो, गाडीची धाव बसवतो, मग एक खीळ त्याला बसवता येत नाही होय?" प्रश्न रास्त आहे. लोहाराच्या हाताला कमीपणा नाही. पण फाळ वाकला तर तो शेतात वाकतो, आणि बंदूक फुटते ती गालाजवळ. शिवाय ठराविक कडकपणा दिलेली कमान भट्टीत लाल केली की मऊ पडते, कडक खीळ फार कडक झाली की मोडते. नळीला बाहेरून डाग दिला की तिचे पोलाद बदलते. हे डोळ्यांना दिसत नाही आणि पहिल्या बाराला कळतही नाही. विसाव्या बाराला कळते. परवानाधारक कारागीर नोंद ठेवतो, तुमचा परवाना पाहतो, बंदुकीचा क्रमांक लिहितो आणि पावती देतो. ही पावती म्हणजे अमात्यांच्या हवालदाराची मुद्रा समजा. उद्या काही झाले तर विचारायला एक माणूस आहे.

हमीचे कागदही वाचायला शिकले पाहिजे. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे, वस्तू कशासाठी हवी ते दुकानदाराला सांगून, त्याच्या जाणतेपणावर विसंबून घेतली, तर ती त्या कामाला योग्य असावी असे गृहीत धरले जाते. परंतु तुम्ही स्वतः वस्तू तपासून घेतली आणि दिसण्यासारखा दोष पाहिला नाही, तर त्याबद्दल मागाहून तक्रार टिकत नाही. म्हणून दुकानातच बंदूक उघडून नळीत उजेडाकडे पाहावे. चापाची ओढ पाहावी, कळ घट्ट बसते का ते पाहावे, आणि क्रमांक परवान्याशी ताडून घ्यावा. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला, त्याच्या जागी २०१९ चा आला. सदोष मालाबद्दल जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, आणि ठाण्याच्या गिऱ्हाइकाला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. पण तक्रार उभी राहते ती कागदावर. पावती हरवली, मधे दुसऱ्या कोणी हात घातला, घरी भरलेले काडतूस वापरले, की कारखाना आपले हात झाडून मोकळा होतो, आणि बहुतेक वेळा त्याचे म्हणणे खरेही असते.

आपल्या या जिल्ह्याच्या परिसरात मापाचे आणि धातूचे ज्ञान कमी नाही. कल्याणच्या पलीकडे अंबरनाथला मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी १९५३ मध्ये उभी राहिली, तिच्या शेजारी आयुधनिर्माणी आहे. घाट चढून गेले की पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे, आणि बारा बोअरची काडतुसे तिथेही तयार झाली आहेत. २०२१ च्या ऑक्टोबरात या सरकारी कारखान्यांची वाटणी नव्या कंपन्यांत झाली. पाटी बदलली तरी खोक्यावर छापलेला गठ्ठा क्रमांक आणि वर्ष यांचे महत्त्व बदललेले नाही. काडतुसाचे खोके फेकू नका. बार फुसका गेला तर दोष कोणत्या गठ्ठ्यात होता हे त्या खोक्यावरूनच कळते.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. मुरबाडच्या डोंगराकडच्या शेतकऱ्याला परवानाधारक कारागिराकडे जायचे म्हणजे दिवस मोडतो, भाडे लागते, बंदूक नेताना कागद जवळ बाळगावे लागतात. निवडणुकीच्या दिवसांत बंदूक ठाण्यात जमा करावी लागली आणि ती महिनाभर तशीच पडली, तर परत येते ती गंज घेऊन. जमा करण्यापूर्वी तेल लावून, स्थिती लिहून पोच घेतली पाहिजे, हे त्याला कोणी सांगत नाही. मग तो तारेने आणि खिळ्याने काम भागवतो. कारागीर दूर असतो आणि डुक्कर त्याच रात्री येते, म्हणून तो तसे करतो. आणखी एक गोष्टही त्याला सांगायची राहून जाते. परवाना बंदुकीचा असतो, जनावर मारण्याचा नसतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली आहे आणि पिकाचे नुकसान करणाऱ्या जनावरासाठीही वनखात्याची परवानगी लागते.

इथे गावातल्या शिक्षकाचे काम सुरू होते. बंदुकीचा कागद इंग्रजीत असतो, तो शिक्षकाला वाचता येतो. पावसाळा लागण्याआधी, रोहिणी नक्षत्रात, गावात परवान्याच्या ज्या दोन-चार बंदुका असतील त्यांच्या मालकांना एकत्र बसवावे. कोणाच्या बंदुकीचा खाना किती मिलिमीटरचा, कोणाची नळी जुन्या पद्धतीची, कोणाच्या परवान्याची मुदत कधी संपते, ते एका वहीत लिहून द्यावे. ज्यांच्या बंदुकांना कारागीर हवा त्यांनी एकाच दिवशी, कायद्याप्रमाणे कागद घेऊन, मिळून जावे म्हणजे भाडे वाटले जाईल. ज्या बंदुकीची नळी फुटण्याच्या बेतात आहे तिच्या मालकाला ते स्पष्ट सांगावे. त्याला राग येईल, आजोबांची आठवण निघेल, तरी सांगावे. आणि कोणाच्याही घरात पोरांच्या हाताला लागेल अशा जागी बंदूक आणि काडतुसे एकत्र ठेवलेली दिसली, तर वही बाजूला ठेवून आधी ती वेगळी करून कुलपात ठेवायला लावावी.